बोगनवेलीचं पाणी

आमच्या फाटकावरची बोगनवेल माझ्या सासूबाईंनी लावली आणि लावून झाल्यावर तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. मी तेव्हा नवी सून होते. शहराबाहेर पनागरला रोपवाटिका आहे, तिथून त्या रोप घेऊन आल्या, फाटकाच्या खांबाशी मुरमाड जमिनीत खड्डा करून घेतला, रोप ठेवलं, माती दाबली आणि हात झटकले. पहिला उन्हाळा निघेपर्यंत तिला अधूनमधून पाणी मिळालं. मग त्यांनी जाहीर केलं, "आता हिचं ही पाहील."

बाकीच्या झाडांचे मात्र लाड होते. जास्वंदीला चहाचा चोथा, मोगऱ्याला ताकाचं पाणी, तुळशीची तर दोन्ही वेळा विचारपूस. बोगनवेलीच्या वाट्याला वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, छाटणी आणि चार शिव्या यायच्या. शिव्या काट्यांसाठी. हाताला ओरखडे पडले की सासूबाई तिच्याशी असं काही बोलायच्या, की मी मुलांना घरात बोलावून घ्यायची.

आणि तरी चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत तिच्यासारखं दुसरं झाड नव्हतं. थंडी ओसरली की ती रंग धरायची. मे महिन्यात लूचे गरम वारे सुटून शेजारपाजारची सगळी हिरवळ करपली, की ही फाटकावरून, कमानीवरून, भिंतीपलीकडे गुलाबी होऊन सांडलेली. सिलिंडरवाला असो, कुरिअरवाला असो, लग्नाची पत्रिका घेऊन येणारे असोत, "वो गुलाबी फूलवाला घर" म्हटलं की माणूस बरोबर दारात. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. मी एकदा सासूबाईंना सांगितलं, की ही गुलाबी दिसतात ती फुलं नव्हेत, पानंच आहेत, खरं फूल म्हणजे मधला तो पांढरा ठिपका. त्या म्हणाल्या, "असतील पानं. तू फूल म्हण. तुझं काय जातं?" तेव्हापासून मीही फूलच म्हणते.

काही वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या थंडीत, थोड्याशा आजाराने सासूबाई गेल्या. चौदाव्या दिवशी सकाळी सासरे अंघोळ करून देवघरासमोर बसले आणि मला म्हणाले, "देव आता मी करत जाईन."

त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. बाबांचा जन्म फॅक्टरीत गेला. कधी सकाळची पाळी, कधी रात्रीची. घरातले देव हे सासूबाईंचं खातं होतं आणि त्यात त्यांनी कधी लुडबुड केली नव्हती. मला सातला शाळा गाठायची असते, तेव्हा ते देव करतो म्हणाले याचं मला बरंच वाटलं. त्यांची पूजा मात्र बघण्यासारखी. मशीन खोलून सुटे भाग ओळीने मांडावेत तसे ते देव ताटात मांडायचे, एकेक घासून पुसून लख्ख करायचे आणि परत जिथल्या तिथे. बाळकृष्ण एक बोटभर इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे.

आता प्रश्न आला पूजेच्या पाण्याचा. देवांना ज्या पाण्याने स्नान घालतात ते पाणी आमच्याकडे मोरीत ओतत नाहीत. कुणाचा पाय पडेल अशा जागी टाकत नाहीत. ते झाडाच्या मुळाशी जातं. सासूबाई ते तुळशीला घालायच्या. बाबांनी काही दिवस तसंच केलं. मग एक दिवस मी पाहिलं, तर त्यांनी ताम्हणातलं ओंजळभर पाणी बादलीत ओतलं, बादली नळाखाली भरली आणि दोन्ही हातांनी उचलून फाटकाकडे चालले.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"तीर्थ मिसळलं की सगळी बादली तीर्थच झाली," ते म्हणाले. "ओंजळभरानं त्या एवढ्या झाडाचं काय होतं?"

"पण तुळशीला घालतो ना आपण."

"तुळशीला सारेच घालतात. हिला काहून कोणी घालत नाही? हीसुद्धा तिनंच लावली आहे." त्यांनी बादली सावकाश मुळाशी रिकामी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तिला आयुष्यात पेलाभर पाणी हातानं दिलं नाही, बेटा. ड्यूटीवरून आलो की तीच पाणी घेऊन उभी राहायची."

खरंच होतं ते. मी स्वतः पाहिलं होतं.

तेव्हापासून रोज बादली. एक दिवस चुकला नाही. ताप आला तर माझ्या नवऱ्याला बादली घेऊन पाठवायचे आणि स्वतः खिडकीतून लक्ष ठेवायचे, सगळं पाणी मुळाशीच पडतं की नाही. कुठल्या लग्नाला गेले तर संध्याकाळी परत यायची घाई करायचे.

पहिल्या उन्हाळ्यात बोगनवेल नुसती हिरवी राहिली. पानं तळहाताएवढी, जाड, तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि रंगाचा एक ठिपका नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, घरची लक्ष्मी गेली, झाडालाही कळतं. बाबांना ते पटलं. मला वाटतं, आवडलंही. "सुतक पाळून राहिली बिचारी," ते मला म्हणाले.

दुसऱ्या उन्हाळ्यातही तेच झालं, आणि आता बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी संध्याकाळचीही बादली सुरू केली. शेणखत आणवलं. माझा नवरा झाडाला हात न लावता सोफ्यावर बसून, मोबाइलवर वाचून, अमकं खत घाला, तमकं घाला, अशा उंटावरून शेळ्या हाकत होता. मीही मागे नव्हते, केळीच्या साली पुरून ठेवत होते. पाहुणा नको नको म्हणत असताना त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकायची आणि वरून तूप सोडायचं, हे आमच्या घरातलं वळण. कमी देऊन कुणाचं भलं होतं हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्यातच समोरचं घर. सासूबाईंनी आपल्या बोगनवेलीची एक फांदी कधीकाळी समोरच्या काकूंना दिली होती. काकू आता मुलाकडे बंगळुरात राहतात आणि घराला कुलूप आहे. किल्ली आमच्याकडे असते. त्या झाडाला पाणी घालायला कुणी नाही, आणि कुलूपबंद फाटकावर ती बोगनवेल अशी काही फुलली होती की खालचं लोखंड दिसत नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी. आमच्या ओसरीवर बाबांची खुर्ची तिच्या बरोब्बर समोर. दिवसभर तेच बघायचं. एका दुपारी मी शाळेतून आले, तर त्यांनी खुर्ची उचलून आत नेली होती.

"बाहेर ऊन लागतं का?" मी विचारलं.

"ऊन नाही." त्यांनी दारातून समोर बोट दाखवलं. "तिथे बंद घराच्या दारात फुलून राहिली. पाहायला कोणी नाही तिथे. अन् मी रोज इथे उभा असतो. तिला माझ्या हातचं चालत नाही, बेटा."

ती म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

पुढचे कित्येक महिने बाबा आमच्यातून थोडेथोडे कमी होत गेले. संध्याकाळी मैदानातल्या बाकावर फॅक्टरीतल्या जुन्या मित्रांचा कट्टा असतो, तिथे जाणं बंद झालं. भाकरी अर्धीच खायचे. पूजा सुरू होती, पण देव पुसताना हात मध्येच थांबायचा आणि मग उरलेले देव न पुसताच जागेवर जायचे. दिवाळी झाल्यावर एक दिवस त्यांनी मला देवघरापाशी बोलावलं.

"येत्या उन्हाळ्यातही नाही फुलली, तर देव तू सांभाळ. मी करतो ते कुठे पोचून नाही राहिलं."

मला रागच आला. माझा स्वभाव तसा आहे, भीती वाटली की मी चिडते. "बाबा, झाड आहे ते. झाडावर काय कोणी पूजा ठरवतं का?" मी बोलून गेले. ते हसल्यासारखं करून उठले. त्यांची पाठ मी पाहत राहिले. सासूबाई गेल्या त्या महिन्याभरात गेल्या. बाबा आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू चालले होते, आणि त्यांना या घरातून आता एकच गोष्ट हवी होती. ती माझ्या हातात नव्हती.

जानेवारीत समोरच्या काकूंचा फोन आला, विजेच्या मीटरचा आकडा पाठव म्हणून. शाळेतून येताना मी त्यांचं कुलूप काढलं, आकडा बघितला आणि बाहेर पडताना माझा पाय त्यांच्या बोगनवेलीच्या मुळाशी पडला. जमीन दगडासारखी कडक होती, मधोमध भेग. वर पाहिलं, तर शेंड्यांवर रंग दिसायला लागला होता. तशीच गल्ली ओलांडून मी आमच्या फाटकाशी आले, तर चप्पल चिखलात रुतली. मुळाशी शेवाळ धरलं होतं.

एका झाडाच्या या दोन फांद्या, दोघींना ऊन तेवढंच, जमीन तीच. फरक फक्त बादलीचा. बाकी सगळं सारखं ठेवा आणि एकच गोष्ट बदलून पाहा, हे मी आठवीच्या मुलींना दर वर्षी शिकवते, आणि माझ्याच फाटकासमोर तो प्रयोग दोन वर्षं मांडून ठेवलेला होता. मला हसूही आलं आणि मग ते गेलं, कारण आता हे बाबांना सांगायचं होतं. ज्या पाण्याने ते बायकोची सेवा करत होते त्याच पाण्याने तिचं झाड फुलत नव्हतं, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

नवरा म्हणाला, सांगूच नकोस. मुळाशी एक कौल तिरपं पुरून टाक, पाणी आपोआप जास्वंदीकडे वाहून जाईल, त्यांना कळणारही नाही. युक्ती वाईट नव्हती. मी कौल शोधायलासुद्धा गेले. पण हातात घेतल्यावर वाटलं, म्हाताऱ्या माणसाने रोज सकाळी देवाचं नाव घेऊन बादली ओतायची आणि आपण ती खालच्या खाली पळवायची, हे मला जमायचं नाही. कौल परत ठेवलं.

पनागरचा मटार तेव्हा भरात होता. रविवारी नवऱ्याने पोतंभर आणला होता आणि ओसरीवर उन्हात मी आणि बाबा शेंगा सोलत बसलो होतो. मी आडून आडून सुरुवात केली, मग माझाच धीर सुटला आणि सरळ सांगितलं.

"बाबा, बोगनवेलीला पाणी जास्त होऊन राहिलं. पाणी असलं की ती नुसती पानं काढते. तहान लागली की फुलते. समोरचीला कोणी पाणी घालत नाही, म्हणून ती फुलली."

बाबांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली. दाणे परातीत टाकले. दुसरी घेतली.

"म्हणजे मीच तिला फुलू नाही दिलं."

"तसं नाही, बाबा."

"तसंच आहे. नीट बोल." आवाज चढलेला नव्हता. बऱ्याच शेंगा झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिला हे माहीत होतं?"

"आईंना? माहीत कसलं. त्यांनी लक्षच दिलं नाही कधी. वरून शिव्या घालायच्या."

बाबा हसले. खांदे हलेपर्यंत हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना तसं हसताना पाहत होते आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मनगटाने पुसले, हाताला शेंगांचा चिकटपणा होता म्हणून.

"अच्छा. अन् देवाचं पाणी?"

"जास्वंदीला घाला. तिला चालतं."

"अन् हिच्यासाठी मी काय करू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही, बाबा. नुसतं बसायचं."

त्यांनी परात बाजूला सारली. "ते नाही जमणार मला," ते म्हणाले आणि आत गेले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बादली भरली, सवयीने फाटकापर्यंत नेली, तिथे थोडा वेळ उभे राहिले आणि मग वळून जास्वंदीला घातली. तिसऱ्या दिवशीही तसंच. फाटकापर्यंत बादली न्यायची आणि परत आणायची.

चिखल वाळायलाच दिवस गेले. मग बोगनवेलीची ती तेलकट पानं माना टाकायला लागली. पिवळी पडली. गळायला लागली. बाबा रोज ती वेचायचे. "मरून राहिली ती," मला दाखवायचे. मी म्हणायची, मरत नाही, थांबा. वरून मी ठाम होते, पण खरं सांगते, मीच देव पाण्यात घालून बसले होते. दोन वर्षं रोज पाणी प्यायलेलं झाड, एकदम पाणी तोडलं ते सोसेल की नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं? ते मेलं असतं तर ते मी मारलं असतं, आणि वर म्हाताऱ्याला सांगितलं असतं, बसून बघा.

एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला बाबा दिसले. फाटकाशी उभे, आणि पाठीमागे लपवलेल्या हातात पाण्याचा लोटा. वेल जवळजवळ ओकीबोकी झाली होती. मी हाक मारणार होते, पण थांबले. म्हटलं, घालायचं असेल तर घालू दे. झाड त्यांच्या बायकोचं आहे. ते वेलीकडे बघत होते, गल्लीत इकडेतिकडे बघत होते. मग त्यांनी लोटा पुढे आणला आणि स्वतःच तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं.

होळीच्या थोडं आधी त्यांची खुर्ची परत ओसरीवर आली. मी फाटकाशी जाऊन पाहिलं, तर एका उघड्या फांदीच्या टोकाला गुलाबी चिमूट होती. दोन दिवसांनी चार फांद्यांना. आणि मग ती थांबेना. पानांना जागाच उरली नाही. बाबांची पूजा पुन्हा पहिल्यासारखी लांबली, मी शाळेला निघेपर्यंत, आणि संध्याकाळी ते काठी घेऊन मैदानाकडे जायला लागले. देव सांभाळ, असं ते मला पुन्हा म्हणाले नाहीत. मला इतकं हलकं वाटत होतं की मी त्या आठवड्यात वर्गात कुणालाही रागावले नाही, आणि मुलींना ते खटकलं.

एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी बाबा ओसरीवर पेपर वाचत होते आणि मी आत भाजी चिरत होते. फाटकापाशी स्कूटी थांबली. कुणी तरुण बाई होती, शहरातच पलीकडे, अधारतालला राहते म्हणाली. तिने हेल्मेट काढलं आणि वर बघतच विचारलं, "दादाजी, क्या डालते हो इसमें? हमारे यहाँ तो बस पत्ते ही पत्ते हैं."

बाबा पेपर ठेवून फाटकापर्यंत गेले. कमानीला हात लावून उभे राहिले.

"कुछ नहीं डालता," ते म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं, म्हातारा गुपित सांगायला तयार नाही. "सच बताइए ना, दादाजी."

"सच में, कुछ नहीं," बाबा म्हणाले. "और ये कुछ नहीं डालना, बेटा, बहुत कठिन काम है."